आमच्या वाडीत नसलेली बाई

आमच्या वाडीतल्या बायकांची नावं ऐकलीत तर महाड-पोलादपूरचा निम्मा नकाशा पाठ होईल. एक कशेडीवाली, एक घाटावरची, एक खालच्या वाडीची. लग्न होऊन आली की बाईला माहेरच्या गावाचं नाव चिकटतं आणि ते मरेपर्यंत सुटत नाही. माझी काकी सवची, म्हणून ती सवकरीण. सव म्हणजे महाडजवळचं गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. काका हयात असताना काकी कशावरून तरी भडकली की ते ओटीवर बसून शांतपणे म्हणायचे, "सवचं पानी हाय ता. थंड कसं व्हयल?" मग ती आणखी भडकायची, आणि काका विडी घेऊन गोठ्याकडे निघून जायचे.

तिला दुसरं नाव नव्हतं असं नाही. लग्नात काकांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीनं तिचं सासरचं नाव लिहिलं होतं, माहेरचं पुसून. मांडव सुटला, तांदूळ सुपात गोळा झाले, आणि त्यांच्याबरोबर नावही जे गोळा झालं ते थेट रेशनकार्डावर जाऊन बसलं. काकांनी तिला आयुष्यभर "अगो" म्हणून हाक मारली. सासूनं सवकरीण म्हटलं, आम्ही काकी म्हटलं, आता मुलीची मुलं आजी म्हणतात. बायका उखाण्यात नवऱ्याचं नाव घेतात. बायकोचं नाव घ्यायची आमच्याकडे कोणाला गरजच पडली नाही. हे मी गाऱ्हाणं म्हणून सांगत नाही. पुढचा घोळ कळावा म्हणून आधीच सांगून ठेवतोय.

मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनाच्या कारखान्यात पाळीवर काम करतो. राहायला महाडात, आणि साप्ताहिक सुट्टी आली की मोटारसायकल काढून वाडीवर. वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. भावकीतले बाकीचे सगळे मुंबईकर. म्हणजे कोणी दिव्याला, कोणी नालासोपाऱ्याला, पण आमच्याकडे पनवेल ओलांडलं की सगळी मुंबईच. जमीन सामाईक. सातबाऱ्यावर इतकी नावं की तलाठी उतारा काढून देताना उसासा टाकतो. नावं अनेक, पण कसणारी एकटी काकी.

काका गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता भाताची खाचरं पडीक जाणार. तिची एकुलती मुलगी माणगावला दिलेली. ती म्हणाली, आई, चल माझ्याकडे. काकी म्हणाली, "तुज्याकडं येऊन काय पेरू गो? फरशी?" आणि इथेच राहिली. भात लावलं, वरच्या वरकसात, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीत, नाचणी लावली, आणि गणपतीला येणाऱ्या प्रत्येक मुंबईकराला जाताना नाचणीच्या पिठाची पिशवी बांधून दिली. ज्याला नको असायचं त्यालाही दिली.

मग एका पावसाळ्यात वरचा कडा सुटला. माणसं वाचली, गुरं वाचली, पण खाचरांचे दगडी बांध वाहून गेले आणि जिथं भात उभं असायचं तिथं दगडगोटे येऊन बसले. कोकणात डोंगरउतारावर बांध गेला म्हणजे शेत गेलं; मातीच उरत नाही. सरकारनं बांधदुरुस्तीचं अनुदान जाहीर केलं. दोन हप्ते. पहिला काम सुरू करायला, दुसरा झालेलं काम बघून.

जमीन सामाईक असली की अशा वेळी सगळ्या हिस्सेदारांचं संमतीपत्र लागतं. पैसे अमुक एकाच्या खात्यात जमा करायला आमची हरकत नाही, असं सगळ्यांनी लिहून द्यायचं. गणपतीत सगळे आलेले, तेव्हा तो कागद मीच फिरवला. आरती नुकती झाली होती, ताटात मोदक पडले होते. एका हातात मोदक आणि दुसऱ्या हातात पेन, अशी सगळ्यांनी सही ठोकली. पैसे काकीच्या खात्यात जाणार हे सगळ्यांना तोंडी माहीत होतं. कागदावर काय लिहिलंय ते एकानंही वाचलं नाही.

मला तिचं कागदावरचं नाव माहीत होतं, कारण खातं उघडायला मीच तिला बँकेत नेलं होतं. खिडकीतल्या बाईनं नाव पुकारलं तेव्हा काकी शेजारी बसलेल्या बाईला म्हणाली होती, "जा गो, तुला बोलावतायत."

पहिला हप्ता आला आणि काकी कामाला लागली. खालच्या वाडीतून दगड रचणारे गडी आणले, वाडीतली चार माणसं मजुरीला घेतली, आणि स्वतः डोक्यावर घमेलं. मी सुट्टीला जायचो तेव्हा माझीही कंबर धरायची. पण बांध कोणत्या क्रमानं घालायचे यावरून आमचं भांडण झालं. तिनं सुरुवात केली ती मुंबईकरांच्या वाट्याच्या खाचरांपासून. मी म्हटलं, आधी तुझं कर. घराखालचं तिच्या वाट्याचं खाचर, ज्यातलं भात ती स्वतः खाते, ते अजून दगडांखाली होतं.

"माजं आदी केलं," ती म्हणाली, "तर म्हनतील, सवकरनीनं पयलं आपलं बघितलन्. माजं शेवटी. दुसऱ्या हप्त्यात."

"कोण म्हणतंय? कोणाचं लक्ष तरी आहे का इकडे?"

"म्हनून तर," ती म्हणाली आणि घमेलं उचललं.

यथावकाश लाभार्थ्यांची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली, आणि मोबाईलवरही आली. कोणाला किती पैसे मिळाले, कोणत्या गटातल्या जमिनीसाठी, सगळं उघडं. मला हे मनापासून आवडतं. पूर्वी साहेबाच्या टेबलाच्या खणात काय आहे ते साहेबाला आणि खणालाच माहीत. आता नालासोपाऱ्याला बसलेला माणूससुद्धा आपल्या वाडीत काय आलं ते बघू शकतो. आणि नालासोपाऱ्याला बसलेल्या माझ्या चुलत भावानं ते बघितलं.

हा भाऊ आमच्या मुंबई मंडळाचा सेक्रेटरी. माणूस प्रामाणिक. मंडळाच्या बैठकीतला चहासुद्धा स्वतःच्या खिशातून पितो. फक्त त्याला सार्वजनिक कामाची खाज आहे, आणि खाज सुटली की तो आजूबाजूला बघत नाही. त्यानं यादी उघडली. आमच्या वाडीच्या नावापुढे सगळ्यात मोठी रक्कम एका बाईच्या नावावर. आडनाव आमचं, जमीन आमची, गट नंबर आमचा, आणि बाई कोण ते याला ठाऊक नाही. त्याचं रक्त उकळलं. उकळायलाच हवं होतं म्हणा.

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यानं यादीचा फोटो टाकला. त्या नावाभोवती लाल गोल. खाली लिहिलं, "ही बाई कोण? आडनाव आपलं, जमीन आपली, पैसे हिचे. बांधवांनो, जागे व्हा!" बांधव तत्काळ जागे झाले. कोणी लिहिलं, बोगस लाभार्थी. कोणी लिहिलं, आपण मुंबईत आहोत याचा फायदा घेतला. एकानं लिहिलं, बिचारी काकी एकटी तिथं राबते आणि तिच्या नाकाखाली हे चाललंय. संध्याकाळपर्यंत तालुक्याच्या कार्यालयाला अर्ज तयार झाला आणि त्यावर सगळ्यांनी सह्या केल्या. मोदकाच्या वेळी ज्यांनी केल्या होत्या त्यांनीच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

मला यातलं काही कळलं नाही. कारखान्याच्या गेटवर मोबाईल जमा करावा लागतो, आणि सकाळी सकाळी येणाऱ्या गुलाबांच्या फुलांना कंटाळून मी त्या ग्रुपचा आवाज कधीच बंद करून टाकला होता.

अर्ज आला म्हटल्यावर चौकशी आली. तालुक्याला नव्यानं बदलून आलेल्या कृषी खात्यातल्या एक मॅडम स्कूटीवरून वाडीच्या खालपर्यंत आल्या आणि वरचा चढ पायी चढल्या. देवळासमोर आमची सहाण आहे, शिमग्यात पालखी टेकवतात तो दगडी चौथरा. तिथं उन्हाला पाठ देऊन तिघे वडीलधारे बसले होते. त्यांतले एक आमच्या गावकीचे गावकर, म्हणजे गावाच्या बैठकीत शेवटचा शब्द ज्यांचा ते. पुढचं मला त्यांनीच नंतर मान खाली घालून सांगितलं.

मॅडमनी कागदावरचं पूर्ण नाव वाचलं आणि विचारलं, "या बाई कुठं राहतात?"

"कोन?" गावकर म्हणाले.

मॅडमनी पुन्हा वाचलं. तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

"नाय ओ मॅडम. अशी कोनी बाई नाय आमच्या वाडीत."

"नक्की ना? नीट आठवा."

"आठवायचं काय त्यात? वाडी केवढी! मी जन्मापासनं हितं हाय." आणि मग गावकरांना गावाचा अभिमान दाटून आला. "आमच्याकडं खोटं चालत नाय. बोगस आसल तर बिनधास्त काढून टाका नाव."

त्या वेळी ती बोगस बाई वरच्या टप्प्यावर, अर्जावर सही केलेल्या एका मुंबईकराच्या खाचराला दगड वाहत होती. तिनं खाली स्कूटी बघितली होती. नंतर म्हणाली, "मला वाटलं पोरांना डोस पाजायला आलीय. म्हटलं हितं पोरं हायत कुठं?"

रेशनच्या दुकानदाराला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. पोस्टमननं सांगितलं असतं. पण मॅडमनी विचारलं ते गावातल्या सगळ्यात जाणत्या माणसांना, आणि जाणत्या माणसांनी सांगितल्यावर आणखी कोणाला कशाला विचारायचं? स्थानिकांच्या म्हणण्यानुसार सदर महिला गावात राहत नाही, असं त्या लिहून घेऊन गेल्या.

दुसरा हप्ता आला नाही. काकी दर आठवड्याला विचारायची, मी दर आठवड्याला म्हणायचो, येईल, सरकारचं काम आहे. शेवटी एका सुट्टीला वाडीवर न जाता पोलादपूरला कार्यालयात गेलो. टेबलावरच्या कारकुनानं नाव बघितलं आणि म्हणाला, "हा बोगस आहे." 

माझा स्वभाव कसा आहे ते कारखान्यातल्या लोकांना विचारा. मी तिथं काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. आतून मॅडम बाहेर आल्या, त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. मी म्हटलं, ती माझी काकी आहे, तिच्या हातचं खाऊन वाढलोय मी. मॅडम म्हणाल्या, "पण अहो, अर्ज तुमच्याच मुंबई मंडळाच्या सेक्रेटरींचा आहे, आणि तुमच्या गावानंच सांगितलं." मग मी त्यांना सवकरणीची सगळी कथा सांगितली. त्या आधी हसल्या. मग गंभीर झाल्या, कारण प्रकरण त्यांच्या टेबलावरून पुढे गेलं होतं. कोणी काही केलं नाही तर नाव यादीतून जाणार. दुसरा हप्ता तर नाहीच, पहिला वसूल करणार. आणि उद्या बियाण्याचं असो की पिकाच्या नुकसानीचं, सरकारच्या लेखी काकी शेतकरी म्हणून उरणार नाही.

"सोपं आहे," त्या म्हणाल्या. "त्यांना आधार कार्ड घेऊन इथं आणा. दोन साक्षीदार आणा. जबाब घेऊ, प्रकरण इथल्या इथं मिटवू. कोणाला कळायचंही नाही."

मला ते फार पटलं. मी तसाच वाडीवर गेलो.

काकी ओटीवर नाचणी पाखडत होती. मी सगळं सांगितलं. गावकरांचं ऐकून ती इतकी हसली की सूप बाजूला ठेवून पदरानं डोळे पुसले. "बिनधास्त काढा म्हनाला? तो? लग्नात माज्या पंगतीत बुंदी वाढायला तोच व्हता!" मग हसू ओसरलं.

"मी नाय हितं, असं लिवलानी?"

"हो."

"कागदावर?"

"हो गं काकी. पण ते मिटेल. उद्याच मोटारसायकलवर बसवून नेतो तुला."

तिनं सूप पुन्हा हातात घेतलं. मग म्हणाली, "मी कशाला जाऊ? मी हितंच हाय. नाय म्हननाऱ्यांनी यावं."

त्याआधी वाटेत घाट चढताना मोटारसायकल थांबवून मी सेक्रेटरी भावाला फोन लावला होता, आणि कार्यालयात उरलेल्या शिव्या त्याला दिल्या होत्या. तो म्हणाला, "अरे, ते काकीचं नाव? मला काय माहीत? जन्मात कधी ऐकलं नाही." खरंच होतं ते. आता मी ओटीवर असतानाच त्याचा फोन आला. म्हणाला, अर्ज मागे घेतो, ग्रुपवर काही लिहीत नाही, आणि काकीला यातलं काही सांगू नकोस. मी मोबाईल काकीच्या तोंडासमोर धरला.

"काय रे सेक्रेटरी," काकी म्हणाली.

पलीकडे तो चाचरायला लागला.

"घाबरू नको. तू इचारलंस ता बरंच केलंस. आपल्या जमिनीवर कोनाच्या नावानं पैसे आले, ता बगायला नको? बगायलाच पायजे. यादी लावतात कशाला मंग?"

"काकी, माझी चूक झाली. मी उद्याच अर्ज मागं घेतो."

"अर्ज केलास ता किती जनांदेखत?"

"ग्रुपवर… म्हणजे सगळ्यांदेखत."

"मंग मागं एकट्यानं कसा घेशील? लोक म्हनतील, सवकरनीनं गप केलन् त्याला. नाय रे बाबा. तू शिमग्याला ये. सगळ्यांना घेऊन ये."

फोन ठेवल्यावर मी तिच्याशी वाद घातला. शिमगा लांब होता, शिमग्यानंतर पाऊस लांब नव्हता, आणि तिचं खाचर दगडांखाली होतं. पैसे अडकवून हा कसला हट्ट? मी म्हटलं, कार्यालयातल्या चार भिंतींत मिटतंय तर मिटव की. ती म्हणाली, "बांध काय, शिमग्यानंतर पन घालता येतो. मी मानसं लावीन. पन गाव म्हनलं मी नाय. गावानंच म्हनायला पायजे मी हाय." मला राग आला होता तरी मी त्या रात्री जेवताना तिच्याकडे बघत राहिलो. आमच्या घरात एवढी ताठ मान दुसऱ्या कोणाची नाही, आणि मला ते तोवर कधी नीट कळलं नव्हतं.

मॅडमना हे सांगायला गेलो तेव्हा वाटलं होतं, त्या वैतागतील. उलट त्या खुश झाल्या. यादी गावापुढे मोठ्यानं वाचायची असते, त्याला चावडीवाचन म्हणतात. पण आमच्या डोंगरातल्या गावांत वाचायला जावं तर ऐकायला चार म्हाताऱ्या आणि एक कुत्रं. "शिमग्याला सगळे असतील ना?" त्यांनी विचारलं. "मग मीही येते. प्रकरण तोवर थांबवून ठेवते, तसं लिहिते."

शिमग्याला आमची वाडी ओळखू येत नाही. बंद दारं उघडतात, अंगणात गाड्या लागतात, ज्यांनी वर्षभर एकमेकांचं तोंड बघितलेलं नसतं ते पालखी खांद्यावर घेऊन एकत्र नाचतात. पालखी सहाणेवर टेकली की ढोल-ताशांचं वाजप थांबतं आणि गावकी बसते. वर्षभरातलं जे काही असेल, वर्गणीचं, वाटेचं, पाण्याचं, ते पालखीसमोर बोलायचं. सगळं बोलून झालं की गावकर नारळ फोडतात. नारळ फुटेपर्यंत कोणीही काहीही विचारावं. एकदा फुटला की तो विषय पुन्हा काढायचा नाही. काढला तर गाव त्याला बोलतं. आमच्याकडची कित्येक भांडणं त्या नारळानं मिटवली आहेत. काही नुसती दाबलीही आहेत.

त्या वर्षी दाबायची सगळ्यांची तयारी होती, आणि तीही प्रेमापोटी. काकीला कशाला चारचौघांत उभं करायचं? चूक आमची झाली, झालं गेलं. मुंबईकर सकाळपासून तिच्या पाया पडून गेले होते. एकानं तिला साडी आणली होती. ती तिनं घेतली आणि आत ठेवून दिली. गावकी बसली तेव्हा बायका देवळाच्या पडवीत बसल्या होत्या, नेहमीसारख्या. वर्गणीचं झालं, वाटेचं झालं. गावकरांनी नारळ हातात घेतला. हेच ते गावकर, ज्यांनी बिनधास्त काढा म्हटलं होतं. त्यांना नारळ फोडायची फार घाई झाली होती.

"आनकी काय इषय नाय ना? फोडतो."

"थांबा," पडवीतून काकी म्हणाली. "माजा इषय ऱ्हायलाय."

गावकरांचा हात तसाच वर राहिला. मॅडम गर्दीच्या कडेला उभ्या होत्या, त्या पुढे आल्या आणि यादी वाचायला लागल्या. सगळी यादी, वाडीतलं एकेक नाव, कोणत्या जमिनीसाठी काय मिळालं ते. आधी थोडी कुजबुज झाली. मग लोक लक्ष देऊन ऐकू लागले. ज्याचं नाव आलं तो नकळत ताठ बसत होता. आपलं नाव असं गावासमोर, देवासमोर मोठ्यानं वाचलं जाणं ही काही लहान गोष्ट नाही, हे मी तेव्हा लोकांच्या तोंडांवर बघितलं.

मग ते नाव आलं.

"या बाई कोण?" मॅडमनी विचारलं. "मागच्या वेळी गावानं मला सांगितलं होतं की अशी कोणी बाई इथं नाही."

ते तिघे जाणते जमिनीवर काहीतरी शोधत होते. सेक्रेटरी भाऊ उठला. नवा पांढरा शर्ट, त्यावर गुलाल. "मॅडम, त्या माझ्या काकी आहेत. अर्ज मी केला होता. चूक माझी आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना हायसं वाटलं. गावकरांनी पुन्हा नारळ उचलला.

"थांबा म्हनलं ना!" काकी आता उभी राहिली होती. "मी काकी हाय ता ह्या समद्यांना ठावं हाय. सरकारनं काकीला पैसे नाय दिले. ज्या नावाला दिले ता नाव घे."

आमच्याकडे मोठ्या माणसाचं नाव तोंडानं घेत नाहीत, आणि काकीचं तर कोणीच कधी घेतलं नव्हतं. भावानं माझ्याकडे बघितलं. मी ढोलाकडे बघत राहिलो. पडवीतून कशेडीवाली ओरडली, "उखान्यात घे रे!" आणि बायका अशा हसल्या की पालखीचे भोईसुद्धा हसले.

हसणं थांबल्यावर त्यानं नाव घेतलं. आधी तिचं, मग काकांचं, मग आडनाव. शाळेत हजेरी घेतात तसं पूर्ण. मी ते इथं लिहीत नाही. यादी उघडी आहे, ज्याला बघायचं त्यानं बघावं. पण तांदळात लिहिल्यानंतर ते नाव आमच्या गावातल्या माणसानं पहिल्यांदा आवाज काढून उच्चारलं, आणि तेही सबंध गाव ऐकत असताना.

"हाय," काकी म्हणाली.

मला छाती फुगणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. पोरगा पास झाला तेव्हाही मला एवढा अभिमान वाटला नव्हता. यादी उघडी असली की चोर सापडतो म्हणतात. आम्हाला आमची काकी सापडली होती.

ती मात्र अजून बसली नव्हती. "आता पैशाचं इचारा," ती म्हणाली. तिनं भावाकडे बघितलं. "इचार रे. त्याच्यासाटीच अर्ज केला व्हतास ना?"

"काकी," तो अगदी हळू म्हणाला, "आमच्या खाचराचं… म्हणजे आमचा बांध झाला का?"

"तुजा पयला बांदला. मंग ह्याचा, मंग त्याचा. उद्या सकाळी समदे वर या आनि बांधावर उभं ऱ्हाऊन बगा. माजा तेवढा ऱ्हायलाय."

भाऊ खाली बसला. गुलाल लागलेल्या हातानं त्यानं तोंड पुसलं आणि सगळं तोंड लाल करून घेतलं. मॅडम कागदावर काहीतरी लिहीत होत्या. काकीनं पूर्ण गावकीवरून एकदा नजर फिरवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, घाई न करता.

"आनकी कोनाला काय इचारायचं हाय?"

कोणालाही नव्हतं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि गावकरांना म्हणाली, "आता फोडा नारळ."